एकाग्रता सदतीस टक्के

माझी एकाग्रता सदतीस टक्के आहे, हे मला आमच्या गिरणीवाल्या केरबानं सांगितलं. मी ज्वारीचा डबा घेऊन उभा होतो. दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाकडं बघावं तसं केरबानं माझ्याकडं बघितलं आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका! सदतीस म्हंजे पास हाय!"

रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांनाही माहीत होतं.

मी बापूसाहेब निटूरकर, लातुरातल्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. कागदावर छोटी सही राहिली म्हणून मी फायली परत पाठवल्या आहेत. तारखेखाली ठिपका नाही म्हणून एका कार्यकारी अभियंत्याला मी दोनदा जिना चढायला लावला आहे. त्या अभियंत्याला अजूनही माझं नाव काढलं की धाप लागते म्हणतात. अशा माणसाची एकाग्रता दळणाच्या रांगेत चर्चेला यावी, याला काहीतरी कारण असलं पाहिजे. कारण होतं. त्याचं नाव 'सप्तशिखर सोबती'.

आमची मृण्मयी अकरावीला आहे. लातुरात अकरावीचं मूल घरात असलं की त्या घरात टीव्हीचा आवाज, फोडणीचा खमंग वास आणि पाहुणे या तिन्ही गोष्टी बंद होतात. ट्युशन एरियात एकही खांब रिकामा नाही. प्रत्येक खांबावर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं हसत असतात. आमची मुलगी 'सप्तशिखर अकॅडमी'त जाते. तिथले यज्ञेश सर भौतिकशास्त्र फार सुंदर शिकवतात. त्यांच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती. तक्रार त्यांच्या ॲपबद्दल.

ॲप घेणं सक्तीचं होतं. फोन मृण्मयीला दिलेला असला तरी तो होता माझ्या नावावर, आणि त्यात नंबरही माझेच होते. ॲप उघडलं तर बारीक अक्षरांचा एक लांबलचक मजकूर आला. मी चष्मा पुसला, दोन ओळी वाचल्या आणि सरळ खाली जाऊन 'मला मान्य आहे' दाबलं. मग त्यानं विचारलं, संपर्क वाचू का? म्हटलं, वाच. कॅमेरा वापरू का? वापर. तुम्ही कुठं आहात ते बघू का? बघ बाबा. सख्ख्या साडूला मी इतकी मोकळीक कधी दिली नव्हती.

मुलीनं अभ्यासाला बसताना फोन समोर उभा करून ठेवायचा, असा नियम होता. ॲप तिच्या डोळ्यांकडं बघणार आणि तिचं लक्ष किती आहे ते टक्क्यांत सांगणार. आता आमच्या मृण्मयीची एक सवय आहे. अवघड गणित आलं की ती डोळे मिटते. लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा मिटायची. कधी छताच्या पंख्याकडं बघते, कधी उठून खोलीत फेऱ्या मारते. ॲपला यातलं काहीच पसंत नव्हतं. आठवडा संपला आणि निकाल आला: 'पाल्याची एकाग्रता एकतीस टक्के. स्थिती चिंताजनक.'

तो निकाल माझ्याकडं आला असता तर मी तो दाबून ठेवला असता. कचेरीत मी यापेक्षा मोठ्या गोष्टी दाबून ठेवलेल्या आहेत. पण तो 'प्रिय पालक व हितचिंतक' अशा मायन्यानं फोनमधल्या प्रत्येक नंबरला गेला. दूधवाला हितचिंतक होता. गॅसवाला होता. पाण्याचा टँकरवाला होता, आणि तो तर दारात टँकर लावून, नळी हातात धरून म्हणाला, "पोरीला रोज सकाळी भिजवलेले बदाम द्या साहेब. माझ्या मेव्हण्याच्या पोराला गुण आला."

दुसऱ्या दिवशी नांदेडहून मेहुणा आला. सर्वेश हा माझ्या बायकोचा, चंद्रप्रभाचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात अर्धापूरच्या केळ्यांचा अख्खा घड होता. आजाऱ्याला बघायला आल्यासारखा तो मृण्मयीच्या खोलीबाहेर घुटमळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी, कधीपासून होऊन राहिलं हे?"

"अरे, काही झालेलं नाही तिला."

"तसंच म्हणतात सगळे सुरुवातीला." त्यानं घड टेबलावर ठेवला. "नांदेडला आणून टाका तिला. आमच्या इथल्या क्लासमध्ये एकतीसवाले थेट एम्सला जाऊन राहिले."

मृण्मयी हे सगळं आतून ऐकत होती. जेवताना तिनं केळ्याला हातही लावला नाही.

आमचे शेजारी ईश्वरप्पा यांच्याकडं कोणत्याही अडचणीवर उपाय असतो. ते मूळचे उदगीरकडचे, मोंढ्याच्या धान्यबाजारात जन्म घालवलेला माणूस. त्यांनी कठड्यावरून वाकून सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "बापूसाहेब, मशिनीला डोळे बघायचेत ना? मग डोळे दाखवा की. पोरीचा मोठा फोटो काढा, डोळे टक्क उघडे, आणि ठेवून द्या फोनपुढं."

सरकारी नोकराला हे शोभत नाही, असं मी आधी म्हटलं. मग ट्युशन एरियातल्या मुनीबभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो फोटो मोठा करून आणला. पुठ्ठ्यावर चिकटवून खुर्चीत बसवला, गळ्याशी ओढणीसुद्धा गुंडाळली. समोर फोन. आणि फोनच्या मागं, बाजेवर आडवी होऊन, डोळे गच्च मिटून आमची मुलगी गणितं सोडवू लागली. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणताना ऐकू आली. मला वाटलं, जिंकलो.

त्या आठवड्यात एकाग्रता आली शंभर टक्के.

शंभर टक्के सबंध अकॅडमीत कुणालाच मिळाले नव्हते. त्यामुळं ट्युशन एरियाच्या चौकात जो भलामोठा दिव्यांचा पडदा लावलाय, त्यावर मृण्मयीचा फोटो झळकला. खाली 'सप्ताहाची एकाग्रता-राणी', त्याखाली पूर्ण नाव, राहण्याची कॉलनी आणि कॉलेजचं नाव. चौकातली पोरं तिला 'राणीसाहेब' म्हणू लागली. दोन दिवस ती मागच्या गल्लीनं क्लासला गेली.

पण खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी झाला. कंपनीनं ॲपमध्ये आरोग्याची काळजी घेणारं काहीतरी नवं घातलं, आणि त्यानं पहिलीच हाक आमच्या घराला दिली. संध्याकाळी सगळ्या हितचिंतकांना निरोप गेला: 'पाल्याने तीन तास पापणी हलवलेली नाही. कृपया तातडीने पाल्याजवळ जा.'

मी कचेरीतून घरी पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. टँकरवाला आला होता, गॅसवाला टाकी सोडून आला होता. ईश्वरप्पा दारात उभे राहून एकेकाला आत सोडत होते आणि आपला या प्रकरणाशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं सांगत होते, "सुखरूप आहे, सुखरूप आहे." चंद्रप्रभा आत चहा टाकून टाकून घामाघूम झाली होती. माझ्याकडं बघून ती फक्त "अहो," म्हणाली. लग्नाला वीसेक वर्षं झाली. त्या एका शब्दात काय काय असतं ते मला कळतं.

गर्दी पांगते तोच किल्लारीहून आत्या आली. नागुबाई, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या आसपासची. निरोप शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला आणि ही मिळेल त्या जीपनं निघाली. दारातून ती थेट मृण्मयीपाशी गेली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यांनी तिच्या पापण्या चाचपल्या आणि खाली बसली.

"जित्ती हाय की गं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मृण्मयी मग तिला बिलगून रडली. त्यांचं बघून चंद्रप्रभा. मी टेबलावरचं एक केळं सोलून खाल्लं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी अकॅडमीत गेलो. 'पालक संवाद कक्ष' अशा पाटीखाली एक मुलगी बसली होती. म्हटलं, माझ्या मुलीची सगळी माहिती या ॲपातून काढून टाका.

ती गोड हसली. "सर, काढायची सोय नाही. भरायची आहे."

"मग सोय करा."

तिनं बराच वेळ कुणाकुणाला फोन लावले. शेवटी कळलं, सोय आहे. पण आधी काढणारा माणूस खरंच पालक आहे हे ॲपला पटलं पाहिजे. त्यासाठी माझ्या स्वतःच्या फोनमध्ये तेच ॲप घ्यायचं, चेहरा डावीकडून, उजवीकडून आणि समोरून दाखवायचा. शिवाय आधार, रेशनकार्ड आणि मुलीच्या जन्माचा दाखला, सगळ्याच्या साक्षांकित प्रती द्यायच्या. मुलीबद्दल ॲपला काहीच माहीत असू नये म्हणून मी माझ्याबद्दल सगळं ॲपला सांगायचं, असा तो व्यवहार होता. मी स्वतः कचेरीत लोकांना असंच सांगत आलोय, त्यामुळं मला त्यात काही गैर दिसलं नाही. दाखवला चेहरा.

कक्षातल्या मुलीनं स्क्रीनकडं बघितलं. "सर, पालक म्हणून नोंद घेत नाहीये. विद्यार्थी म्हणून टाकू का? नंतर बदलता येतं."

नंतर बदलता आलं नाही. माझा प्रवेश अकरावीच्या नव्या तुकडीत झाला.

विद्यार्थ्याची हजेरी भरली नाही तर अर्ज रद्द होणार होता, म्हणून पुढचे दिवस मी कचेरीत फायली चाळत असताना तो फोन टेबलावर पाण्याच्या ग्लासाला टेकून माझ्याकडं बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं, त्यानं लिहून ठेवलं. मी जांभई दिली, तेही लिहिलं. दुपारी जेवणानंतर मी जो थोडा विचार करतो, त्या विचाराला त्यानं 'निद्रा' असं नाव दिलं. आणि शनिवारी जाहीर केलं: सदतीस टक्के. केरबाला ते कळलं ते असं. माझ्या साहेबांनाही कळलं. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मनापासून म्हणाले, "निटूरकर, सदतीस? मला वाटायचं, त्याहून कमी असेल."

मी मान खाली घालून बाहेर आलो. शिपायानं न मागता पाणी आणून दिलं.

कागदांच्या प्रती काढायला मुनीबभाईंकडं गेलो. गर्दी नव्हती, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा हात मशीनवर थांबला. "साब, हमारे लुबना का बी यहीच चालूय." त्यांची लुबना आमच्या मृण्मयीच्याच बाकावर बसते, क्लासमध्ये दोघींना वेगळं कुणी पाहिलेलं नाही. तिच्या नंबरवर महिनाभर फोन येत होते, परदेशात डॉक्टर व्हा म्हणून. नाव माहीत, मार्क माहीत, भौतिकशास्त्रात कुठं अडते तेही माहीत. "परसों एकानं तिला विचारलं, तुमच्या अब्बांचं झेरॉक्सचं दुकान नीट चालतंय ना? आता मला सांगा, माझ्या दुकानाचं त्याला काय करायचंय? पोरगी घाबरली. फोनच उचलेना झाली."

बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या कॉम्प्युटरकडं गेलं. पडद्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. लोकांची आधारं, दाखले, गुणपत्रकं एकावर एक दाटीनं पडलेली. मुनीबभाईंनी माझी नजर ओळखली आणि कान पकडला.

"हौ साब. अख्खं लातूर इथं झोपलंय. पुसायचं राहून जातं." त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि तिथंच एकेक फाईल पुसायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाले, "थोडा ठहरो भाई, सफाई चालूय."

त्या संध्याकाळी घरी आलो तर मृण्मयी टेबलाशी ताठ बसलेली दिसली. पुठ्ठ्याचा फोटो पकडला गेला होता. फसवणूक केली म्हणून तिला 'सुधार तुकडी'त टाकलं होतं. समोर फोन उभा होता, पुढं कोरी वही, आणि ती डोळे ताणून वहीकडं बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं रडतेय. ती पापणी न मिटायचा सराव करत होती.

"मृण्मयी, अगं मिट की डोळे."

"मिटले की टक्के जातात." तिनं नाक पुसलं. "आणि उघडे ठेवले की मला गणित दिसत नाही, बाबा. मला क्लासला नाही जायचं. मला हे डॉक्टर-बिक्टर काहीच नाही करायचं."

वयाच्या सातव्या वर्षी या मुलीनं आमच्या मांजराच्या पायाला पट्टी बांधली होती आणि मांजराला गुण येईपर्यंत शाळेत जायला नकार दिला होता. ती हे बोलत होती. माझा एवढे दिवस जो अपमान होत होता तो मला एकदम फारच फुटकळ वाटला. मी फोन उचलला आणि टेबलावर पालथा घातला.

नागुआत्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "बापू, त्या मास्तराकडं मलाबी न्हे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण यज्ञेश सरांच्या केबिनमध्ये शिरलो. मी, आत्या, मुनीबभाई आणि दोन्ही मुली. सर तिशीतले, भर उन्हाळ्यात कोट घातलेले. शिकवायचा छोटा माईक कॉलरला तसाच लटकत होता. त्यांनी सगळ्यांना बसवलं, थंड पाणी मागवलं. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "काका, मी मास्तर माणूस, मला यातलं काय कळतंय? कंपनीचा माणूस म्हणाला, नांदेडच्या सगळ्या क्लासनी हे घेतलं, तुम्हीच मागं राहिलात. म्हणून मी घेतलं. मागून कळलं, नांदेडला त्यानं सांगितलं होतं, लातूरच्या सगळ्यांनी घेतलं."

"मग बंद करा."

"कसं करू? पालकांना हेच हवं असतं. रोज विचारतात, पोरगं काय करून राहिलं, किती वेळ बसलं. तुम्हीच सांगा, तुम्ही 'मान्य आहे' दाबलं होतं की नाही?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

तेवढ्यात लुबना म्हणाली, "सर, एक विचारू? तुमची एकाग्रता किती टक्के आहे?"

"माझी?" सर हसले. "माझी कशाला?"

आम्ही पाचही जण त्यांच्याकडं बघत होतो. सरांचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग त्यांनाच ते जड झालं.

आत्यानं पदर सावरला. "मास्तर, मी बोलू का? मी किल्लारीची. भूकंप झाला तवा माझं घर बसलं. दुसऱ्या दिवशी मी ढिगावर बसले व्हते, मांडीवर पितळंची घागर. एक जण आला, फोटू काढून ग्येला. इचारलं न्हाई, काय न्हाई. मंग त्यो फोटू एका कॅलेंडरवर आला. लई छापलं त्यांनी. औशाला सलूनात, नांदेडला पाव्हण्याच्या घरात, जिथं जाईन तिथं मी भिताडावर रडूनच राहिलेली. लोक मला वळखायचे. म्हनायचे, तुमीच का त्या रडनाऱ्या बाई?"

तिनं पाण्याचा घोट घेतला.

"मास्तर, मी त्या ढिगावरून उठले व्हते. पत्र्याच्या शेडात चूल मांडली, रब्बीची ज्वारी पेरली. फुडं पोराचं लगीन केलं. पर त्या फोटूतली बाई काय उठना. लोकांना तीच खरी वाटायची. ही पोरगी परवा एकतीस व्हती म्हनं. आसंल बाबा. पर आज ती काय हाय, ते कोन इचारतंय?"

यज्ञेश सर खाली बघत माईकची वायर बोटाला गुंडाळत होते. नंतर कळलं, त्यांचं आजोळ तिकडचंच. वायर सोडून त्यांनी मृण्मयीकडं बघून विचारलं, "बाळा, पण तू डोळे मिटून करतेस काय?"

या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मीसुद्धा विचारला नव्हता.

"आकृती बघते, सर. ठोकळा कसा घसरतोय, दोरी कुठं ताणतेय ते."

सरांनी खडू उचलला. भिंतीवरच्या फळ्यावर एक उतार काढला, त्यावर ठोकळा, कप्पी, दोन दोऱ्या, एका दोरीच्या टोकाला वजन. "सांग."

मृण्मयीनं डोळे मिटले. आत्याची जपासारखी पुटपुट चालू होती. मग मृण्मयी उठली आणि फळ्यावर पायऱ्या लिहायला लागली. शेवटच्या ओळीला सर ओरडले, "अगं, चिन्ह चुकलं!"

"नाही सर, ठोकळा वर जातोय!"

"खाली!"

"वर! दुसऱ्या दोरीवरचं वजन बघा ना!"

सर फळ्याजवळ गेले, नाक लावून बघितलं, स्वतः डोळे मिटून उभे राहिले. "वर," म्हणाले, "अरे, वरच!" आणि टाळी वाजवली. कोटाच्या बाहीला खडू लागला होता आणि ते इतके खूश दिसत होते की आपण केबिनमध्ये कशासाठी बसलोय हे क्षणभर सगळेच विसरलो.

मग ते खुर्चीत बसले, फोन उचलला आणि म्हणाले, "बंद करू."

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लागला. पलीकडून आवाज आला, सेवा थांबवण्यासाठी कृपया चेहरा दाखवा. "सर, दाखवू नका!" असं मी ओरडेपर्यंत त्यांनी दाखवलाही होता. ॲपनं त्यांना अकरावीत घेतलं. दोन दिवसांत सगळ्या हितचिंतकांना निरोप गेला, आणि सरांच्या फोनमध्ये हितचिंतक म्हणजे हजारो पालक आणि लातूर-नांदेडचे झाडून सगळे क्लासवाले: 'यज्ञेश, एकाग्रता एकोणीस टक्के. सुधार तुकडीची शिफारस.'

खरं सांगतो, मला सदतीसचा थोडा अभिमान वाटला.

दुसरा माणूस हे झाकण्यासाठी काहीतरी सारवासारव करत बसला असता. सरांनी तो निरोप मोठा छापून अकॅडमीच्या दारावर लावला आणि पालकांची सभा बोलावली. सभागृह गच्च भरलं. सरांनी सरळ सांगितलं, "हे मी न वाचता घेतलं. चूक झाली. आजपासून कॅमेरा बंद. मार्क फक्त त्या त्या मुलाला कळतील. फोटो लावायचा तर मुलाला आणि घरच्यांना आधी विचारणार. नाही म्हणाले तर विषय संपला."

मागून एक गृहस्थ उठले. "आम्ही अहमदपूरला, पोरगं इथं खोली करून राहतंय. मग त्याच्याकडं लक्ष कोण ठेवणार?"

प्रश्न खोटा नव्हता. बऱ्याच माना हलल्या. तेव्हा आजवर या प्रकरणात केवळ चहा केलेली चंद्रप्रभा उभी राहिली. "रोज फोन करा की त्याला," ती म्हणाली. "जेवलास का विचारा. पण मग तो काय म्हणतोय ते ऐकून घ्या. आम्ही ऐकलं नव्हतं. टक्के बघत बसलो होतो."

अहमदपूरचे गृहस्थ खाली बसले आणि तिथंच मुलाला फोन लावला. मुलगा त्यांच्या मागच्याच रांगेत बसला होता, ही गोष्ट निराळी.

कंपनीचा माणूस एकदाचा आला आणि सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर माहिती पुसली. लुबनानं दोनदा विचारलं, आणखी कुठं ठेवलेली आहे का, आणि जिथं जिथं होती तिथली पुसायला लावली. जी बाहेर गेली ती गेलीच. लुबनाला अजून अधूनमधून परदेशातल्या डॉक्टरकीचे फोन येतात. हल्ली ते मुनीबभाई घेतात आणि पलीकडच्याला लॅमिनेशनचे फायदे समजावून सांगतात. फोन कमी होत चाललेत.

मृण्मयी आपल्या तुकडीत परतली. परवा त्यांची मोठी चाचणी झाली. निकालाच्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आत गेली. चेहऱ्यावरून काही कळेना. मला विचारायचं होतं. पण कोणत्या तोंडानं विचारू? त्या सभेनंतर सबंध ट्युशन एरियात मुलांच्या माहितीवर मुलांचा हक्क म्हणून भाषण ठोकणारा मीच. मी कुंड्यांना पाणी घातलं. वाळलेले कपडे पुन्हा झटकले. पेपर उलटा धरून वाचला.

शेवटी तीच बाहेर आली. "विचारा की, बाबा."

"नको. तुला वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी चालेल," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे बढतीच्या परीक्षेलाही पडले नव्हते.

ती हसली, वाकली आणि माझ्या कानात आकडा सांगितला. मग म्हणाली, "आईला मी माझ्या हिशेबानं सांगणार. तुम्ही सांगू नका," आणि आत पळाली.

स्वयंपाकघरातून चंद्रप्रभा पदराला हात पुसत आलीच. "काय म्हणाली? किती पडले?"

"मला माहिती आहे," मी म्हणालो, "पण ती माहिती माझी नाही."

चंद्रप्रभानं माझ्याकडं नीट बघितलं, मागं फिरून गॅसवर उकळत असलेला माझा चहा बंद केला आणि येऊन टीव्ही लावला. आत मृण्मयी खळखळून हसत होती. मी तसाच, बिनचहाचा, ताठ मानेनं बसून राहिलो. आकडा फार चांगला होता, एवढं मात्र माझ्या चेहऱ्यावरून कुणालाही वाचता आलं असतं.